आधी मोजायचं

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गाईड शिबिराची बस नाशकात परतली, आणि उतरलेल्या मुलींत माझीच लेक दिसेना. मी स्टँड डोक्यावर घेतलं. तेवढ्यात मालेगावची एक पंधराएक वर्षांची पोरगी पुढे आली. हिजाबवरून गाईडचा स्कार्फ, गळ्यात शिट्टी. माझ्याशी वाद न घालता तिनं शिट्टी फुंकली. मुली जोडीजोडीनं उभ्या राहिल्या. एकटी उरलेली म्हणाली, "माझी जोडीदार पाणी भरायला गेलीय."

लेक नळापाशी सापडली.

"तू घाबरली नाहीस?" मी त्या शिट्टीवालीला विचारलं.

"आधी मोजायचं असतं, आंटी. आता घाबरते," म्हणत ती वळकटीवर मटकन बसली.

लेकीचं मनगट सोडून मी त्या पोरीचे हात धरले.