कॅमेऱ्याला ऊन

ऑनलाइन मागवलेला तो कॅमेरा म्हणजे निव्वळ प्लॅस्टिकचं खेळणं. पण आत रोल खराखुरा घालायचा. पहिला रोल धुवून आला तो पांढऱ्या पट्ट्यांनी भरलेला. मागच्या झाकणाच्या फटीतून उजेड शिरत होता, आणि उजेड लागला की फिल्म जळलीच. मी फटीवर काळी टेप चिकटवली, वरून केसांचं रबर आवळलं. मग रोल पुढे सरकेना. चाक आपलं नुसतंच फिरतंय! गोधडीत हात घालून, चाचपडत झाकण उघडायचं, फिल्मची भोकं दात्यांवर बसवायची, पुन्हा बंद करायचं. डोक्याला ताप नुसता. नाशिक रोडच्या आमच्या गच्चीवर कुरडया घालता घालता आई म्हणायची, "तुझी भातुकली संपली नाही का गं अजून?"

मला खरं तर एकच फोटो हवा होता, आईचा हसताना. तिचे फोटो घरात कमी नव्हते. पण कॅमेरा दिसला की बाईसाहेब डोक्यावर पदर घेणार, ओठ मिटणार. मोबाइलसमोरही तेच. आणि एरवी हसायची कशी! डोळे मिटून, खोकला येईपर्यंत.

एकदा चिकाने भरलेले हात तसेच धरून तिने तो रबर बांधलेला कॅमेरा न्याहाळला. "ह्यात फोटो निघतो? अगं, ह्याला तर तू अंबाडा घातलायस!" म्हणाली आणि हसत सुटली. मी खटका दाबला. चाकही शहाण्यासारखं फिरलं. मिळाला गं बाई एकदाचा!

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, तर कुरडयांच्या शेजारी कॅमेरा. टेप निगुतीने सोललेली, झाकण सताड उघडं. आई म्हणाली, "कुबट वास येत होता त्याला. दिलं जरा ऊन." आमच्याकडे गाद्यांना, डाळींना, सगळ्यालाच ऊन देतात. मी कपाळावर हात मारून घेतला. काय झालं ते सांगितलं तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. "मग पुन्हा काढ की," ती म्हणाली. "मी बसते."

नवा रोल घातला. पण आता ह्यात फोटो निघतो हे तिला कळलं होतं, आणि माझं नुकसान केल्याचं मनाला लागलं होतं. खुर्चीवर ताठ बसली, पदर घेतला, ओठ मिटले. मी नाही नाही ते चाळे केले, बाई ढिम्म हलली नाही. फोटो मात्र इतका स्वच्छ आला की काय सांगू.

आई गेली तेव्हा तोच मोठा करून भिंतीवर लावला. माझी मुलगी तेव्हा पाळण्यात होती. परवा ती फोटोकडे बघत म्हणाली, "आजी खूप रागीट होती का गं?"

"छे! अगं, इतकी हसायची ती!"

"कशी?"

मी करून दाखवायला गेले. माझंच हसणं आलं, तिचं नाही. आई, तुझं हसू आता माझ्या एकटीपाशी उरलंय गं, आणि ते ह्या पोरीला कसं द्यायचं, मला कळत नाही.