पहिल्या उताऱ्यात मुक्काम

शनिवार, दहा जानेवारी. मी अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचा ढीग सोलायला घेतला होता आणि समोर आमच्या वरच्या मजल्यावरची नर्स सरावाचा पेपर सोडवत होती. छापलेलं काहीही अर्धवट न सोडणारी अशी दुसरी बाई जगात नसेल. लग्नपत्रिका ती छापखान्याच्या नावापर्यंत वाचते. औषधाच्या खोक्यातला कागद दोन्ही बाजूंनी वाचून पुन्हा मूळ घड्यांवर बसवते. लिफ्टमधली सूचना वाचून संपेना, म्हणून एकदा ती दोनदा वरखाली गेली. नागपूरहून आमच्या कानडी मुलखात, जयनगरात येऊन तिला सहा वर्षं झाली. पाण्याच्या बिलामागचे नियम ठाऊक असलेली गल्लीत ती एकटीच. हॉस्पिटलात तिचं नाव आहे तेही यामुळेच. केसपेपरची प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय ती साधी गोळीसुद्धा देत नाही.

याच सवयीने इंग्रजीच्या परीक्षेत तिचा दोनदा घात केला. वाचनाचा पेपर तासाचा. तीन उतारे, चाळीस प्रश्न. ही पहिल्या उताऱ्यातच मुक्काम ठोकते. मागच्या खेपेला मधमाश्या होत्या. त्यात चाळीस मिनिटं गेली आणि तिसरा उतारा कोराच राहिला.

"पण अक्का, त्या राणीमाशीचं पुढे काय झालं ते कळायला नको?"

"प्रश्नात विचारलं होतं?"

"नाही."

"मग मरू दे ना ती!"

"असं कसं बाप्पा!"

आयर्लंडमधल्या हॉस्पिटलने तिची जागा राखून ठेवली होती, पण फक्त या परीक्षेपर्यंत. म्हणून महिनाभर मी रोज संध्याकाळी घड्याळ घेऊन बसत होते. वीस मिनिटं झाली की उतारा ओढून घ्यायचा. एकदा तिने सोडला नाही, कागद फाटला, तर हातात राहिलेला तुकडा वाचत बसली.

त्या शनिवारीही सतराव्या मिनिटाला ती पाचव्याच प्रश्नावर. मी शेंगा बाजूला सारल्या.

"कॅज्युअल्टीत एकदम तीन पेशंट आले, तर पहिल्याची सगळी हकीकत ऐकत बसतेस?"

"छे! आधी तिघांना बघायचं. खरचटलेला थांबतो."

"मग हे तीन पेशंटच समज. आधी प्रश्न बघ, कुठे दुखतंय ते. जो अडेल, तो थांबेल."

मग तिने नवा पेपर घेतला. आता पेन्सिल भराभर चालली. अडलेल्या प्रश्नापुढे टिंब टाकून ती पुढे जात होती. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला चाळीस उत्तरं.

"झालं, अक्का!" ती ओरडली.

"सरी," मी कानडीत बरं म्हटलं आणि पुन्हा शेंगा ओढल्या. ही आता खरंच जाणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मी तिला ऑटोत बसवून परीक्षेच्या केंद्रावर नेलं. फाटकाशी नियमांचा फलक दिसताच तिची पावलं थबकली. मी पाठीवर हात ठेवून तिला आत ढकललं. ती गेली. मी मागोमाग निघाले तर पहारेकऱ्याने अडवलं. आत फक्त घरच्या माणसांना बसता येतं, म्हणाला. त्या तुमच्या कोण?

"तंगी," मी म्हटलं. धाकटी बहीण. आणि आत जाऊन बाकावर बसले.