निळा पडदा आणि जिन्याखालची वायर

आमच्या कार्यालयातला संगणक मरायचा तो नेट जोडल्यावरच. नेट नसलं की दिवसभर ठणठणीत. नेट लागलं की थोड्याच वेळात पडदा निळा, त्यावर इंग्रजीत माफीनामा, आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. इतकं साधं लक्षण आम्ही महिनाभर बघत होतो आणि कुणालाच ते दिसत नव्हतं. आम्ही चळवळीतली माणसं. आम्हाला आधी शत्रू दिसतो, मग वस्तू.

कार्यालय म्हणजे माधवनगरात एका दुकानाच्या माडीवरची खोली. सातारा-सांगलीच्या हद्दीवरच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कंपनीने मेंढ्यांची चराई तारेच्या कुंपणात घेतली, त्याविरुद्ध आमची संघटना भांडत होती. अर्ज एका म्हाताऱ्या धनगराच्या नावाने होता. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. त्यांची शेवटची सुनावणी साताऱ्याच्या साहेबांपुढे, आणि तीही व्हिडिओवर. नोटीस स्पष्ट होती: संगणकावरूनच हजर राहावे, मोबाईल चालणार नाही, अर्जदार बोलला नाही तर अर्ज निकाली. सगळी हयात मेंढरांमागे चाललेल्या माणसाला 'संगणकावरून हजर हो' म्हणायचं, ही कसली मस्ती? मी त्यावर पत्रक लिहिलं. पत्रक चांगलं झालं. संगणक होता तसाच राहिला.

संघटनेतले सगळ्यात जुने कार्यकर्ते, आमचे भाऊ, त्यांचं निदान तयार होतं. "हॅक केलंय. सुनावणी जवळ आली आणि मशीन पडायला लागलं, हा योगायोग नाही." बैठकीत सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही.

तरी मी मशीन रिक्षात घालून सांगलीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने धूळ फुंकली, रॅमची पट्टी काढून शाळेच्या खोडरबराने घासली, विंडोज नव्याने टाकलं आणि दिवसभर चालवून दाखवलं. एकदाही पडलं नाही. "ताई, तुमच्याकडं करंट नीट नसणार," म्हणाला. माडीवर आणलं, नेट लावलं, पडदा निळा. त्याच्या दुकानात नेट वायरने यायचं, आणि फोनचं नेट वायफायवरून संगणकात घेणारं आमचं डोंगल मी टेबलावरच ठेवून गेले होते. हेही तेव्हा लक्षात आलं नाही.

सुनावणीच्या आदल्या दुपारी वैतागून मी निळ्या पडद्याचा फोनवर फोटो काढला. खाली बारीक अक्षरात एका फाइलचं नाव होतं. शोधलं, तर जगभरातले लोक त्याच नावाने बोंबलत होते. ती डोंगलच्या ड्रायव्हरची फाइल होती. ड्रायव्हर म्हणजे संगणकाला डोंगलशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्राम. तो चुकला की अख्खं विंडोज कोसळतं. डोंगल उपसलं, मशीन तासन् तास चाललं. खोचलं, निळं. ड्रायव्हर काढून सोबतच्या सीडीवरून परत टाकला, तरी निळं. जुना ड्रायव्हर टाका, असं लोक सांगत होते. आमचं डोंगल स्वस्तातलं, बिननावाचं. त्याचा जुना ड्रायव्हर कुणाच्या दारात जाऊन मागायचा? आणि नवं डोंगल घ्यावं, तर त्या दिवशी सांगलीचा बाजार बंद.

उरली वायर. खालच्या दुकानात झेरॉक्स आणि नेट होतं. त्याची वायर जिन्यातून वर यायची, पूर्वी आम्ही तीच वापरायचो. पण दुकानदाराच्या गाड्या पवनचक्कीच्या कामावर लागल्या, तेव्हा संघटनेने ठराव केला: कंपनीच्या पैशाचा चहासुद्धा नको. वायर आम्हीच उपसून त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवली आणि डोंगल आणलं. "तुमची क्रांती आता बिनतारी म्हणायची!" तो हसला होता. ठराव मोडायचा तर बैठकीतच. आणि आमच्यात मतदान नसतं. एकमत होईपर्यंत बोलायचं. एकाची जरी मान हलायची राहिली, तरी ठराव कायम.

सकाळी आबा पहिल्या एसटीने आले. पटका धुतलेला, घोंगडी खांद्यावर. आम्ही गोल करून बसलो.

"वायर घेऊ या," मी म्हणाले. "आजच्यापुरती."

"आजच्यापुरतं म्हणतच सगळे विकले गेले," भाऊ म्हणाले.

"भाऊ, वायर आहे ती, आमदारकी नाही."

दोघं-तिघं हसले. भाऊ नाही. "आपलं सगळं बोलणं त्याच्या दुकानातून जाणार. कंपनी ऐकणार."

"आवं भाऊ, ऐकू द्या की," आबा म्हणाले. "सायबाला सांगणार हाय त्येच कंपनीला धा येळा सांगितलंय. त्यास्नी पाठ हाय."

"आबा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"व्हय, आसंल. पर सायब कवा बोलवत्यात?"

प्रत्येकाने बोलायचं, म्हणून प्रत्येक जण बोलला. मी फोटो दाखवला. "फाइलला नाव काय, कुणीही देईल," भाऊ म्हणाले. वेळ झाली तरी एकमत झालं नव्हतं. मी उठले आणि डोंगल खोचलं, कारण दुसरं काही करायची मला परवानगी नव्हती.

लागलं. साहेब दिसले. कुणीतरी आबांचं नाव पुकारलं. आबा उठून उभे राहिले. बसून बोलायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पडद्यावर नुसते जोडलेले हात. "हाय सायब, मी हाय. आमची मेंढरं आज्ज्याच्या बी आज्ज्यापासनं त्या माळावर…"

निळा.

आबा बोलतच राहिले. कुठला ओढा, कुठली वाट, पावसाळ्यात कळप कुठे बसतो, सगळं त्या निळ्या उजेडाला हात जोडून. मी जिना उतरले आणि काउंटरवरून वायर ओढली. "न्या की ताई, कवाधरनं पडलीया," दुकानदार म्हणाला. वर येऊन जोडली. नेट आलं आणि टिकलं. सुनावणी संपलेली होती. साताऱ्याला फोन केला, तर उत्तर आलं, "अर्जदार काही बोलला नाही. पुढचं प्रकरण घेतलं."

"आन् मग मी बोललो ते?" आबा म्हणाले.

भाऊंनी मला नवं पत्रक लिहायला सांगितलं, शासनाच्या डिजिटल दडपशाहीवर. मी लिहिलं, आणि त्यातला शब्द न् शब्द मला आजही मान्य आहे. शेवटी मी एक ओळ घातली होती: जिन्याखालच्या दुकानात वायर होती, आम्ही ती घेतली नाही. ती बैठकीत उडाली. माझी मान हलली नव्हती, तरी उडाली. एकमताचा नियम त्या दिवशी कुणाला आठवला नाही. आणि फोनची चार्जिंगची वायर लावूनही संगणकाला नेट देता येतं, हे मला नंतर कळलं. ती वायर तेव्हा माझ्या पिशवीत होती.

अर्ज निकाली निघाला. आम्ही फेरअर्ज केला, त्याला उत्तर नाही. पठाराच्या फाटकाला कुलूप लागलं, आणि आबांनी कळप अवेळीच कृष्णाकाठाला उतरवला. ऊस तुटला की तिथले शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं रानात बसवायला स्वतः बोलावतात. ऊस उभा असला की काठी घेऊन येतात. आबांचा फोन आला तो रस्त्याच्या कडेवरून, मागे ट्रक वाजत होते. "पोरी, हिकडं तुमच्या वळखीचं कुनी हाय का? रातीपुरती जागा बघ."

मी ओळखीच्या ऊसवाल्यांना एकेक करून फोन लावले. आमच्या मोर्चाला येणारी माणसं होती ती. सगळ्यांनी एकच सांगितलं: तोडणी झाली की आणा. तोडणी दिवाळीनंतर. हे बोलणं आषाढातलं.