चला, मला फिट आली!

“चला, आता मला फिट आली!” असं म्हणून ती शाळेच्या पडवीत धाडकन आडवी व्हायची. मधल्या सुट्टीत तिसरीची पोरं डबे टाकून धावायची, तिच्या थोराड देहाला ढकलत ढकलत कुशीवर वळवायची आणि हसून बेजार व्हायची. ती डोळे मिटूनच ओरडायची, “हसू नको रं! डोक्याखाली दप्तर घाल आधी.”

तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही हसू आलं असतं. मला मात्र हसू यायचं नाही. कारण खरी फिट यायची तिच्या लेकीला, आणि ती लेक माझ्या वर्गात होती.

दिवेआगरच्या अलीकडची आमची शाळा. ती पोरीचं नाव घालायला आली तेव्हा मुख्याध्यापक घाबरले. नाही तर म्हणता येईना. म्हणाले, “घरचं कुणी इथे बसणार असेल तरच.” “बसते की,” ती म्हणाली, आणि बसलीच. घरून पोतंभर सुपारी आणायची आणि पडवीत सोलत राहायची. कान सगळे वर्गात. बाक जरा करकरला की तिचा हात थांबायचा, आणि माझं शिकवणंही.

एका दुपारी मुख्याध्यापकांनी तिला तशी पडलेली पाहिली. खरंच समजून ते पायातली चप्पल हातात घेऊन धावले, हुंगवायला! तिने एक डोळा उघडला. “सर, ती पायात घाला. डाक्टर नको म्हनलेत.” सरही हसले, पण अट काही सुटली नाही.

“हे नाटक कशाला गं रोज?” मी विचारलं.

“बाई, येक दिवस मी नसंन. तवा तुमी हिला घरी धाडाल. पोर येकदा घरी बसली का बसलीच.”

तिचं खरं होतं.

मग ती तापाने पडली. पोर शेजारच्या मुलींबरोबर आली. सर म्हणाले, “परत पाठवा.” मी म्हटलं, “बसू दे.” पाढे चालू असताना पोर बाकावरून कलली. मी धावले. मी पोचेपर्यंत पोरांनी बाक ओढले होते, तिला कुशीवर घेतलं होतं, डोक्याखाली दप्तर सारलं होतं. कुणी हसलं नाही. एक मुलगी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होती, “थांबंल हां, आता थांबंल.”

थांबली. पण तेवढा वेळ मी कशी उभी होते, ते माझं मला ठाऊक.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ऐकून आई पदरात तोंड घालून रडली. मग म्हणाली, “पोरं भ्याली काय?”

“मी भ्याले.”

“मी पन रोजच भिते, बाई. पन आता मी न्हाय येत. मी शाळंत दिसले का सगळी माज्याकडंच बघतात.”

आता ती सुपारीच्या वाडीत कामाला जाते. सरांनी पुन्हा अटीचा विषय काढला नाही. पडवीकडे बघायचं मी टाळते.

काल फळ्यावर गणित लिहीत होते. पाठीमागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. खडू टाकून मी वळले. सगळा वर्ग आधीच पोरीकडे वळला होता, दोघं तर उठून उभे होते. ती बाकाखाली वाकून पेन्सिल शोधत होती. वर आली, आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघून दचकली.

“काय झालं, बाई?” तिने विचारलं.