एका शिफ्टला एक जोडी

अण्णांनाही थंडी वाजून ताप भरला, तेव्हा भोसले साहेबांनी मला फोन केला.

"सिस्टर, येऊन जाता का जरा? हे तिसरे आजोबा. आमच्याकडे सगळं टापटीप आहे हो, तरी ताप काही हटत नाही."

टापटीप आहे असं जो आधीच सांगतो, त्याच्याकडे मी लगेच जाते. एका मोठ्या हॉस्पिटलात मी बरीच वर्षं इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर होते. म्हणजे एका पेशंटचं दुखणं दुसऱ्याला लागू नये म्हणून सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागणारी बाई. अशा बाईला चहाला कुणी बोलवत नाही. रिटायर झाल्यावर पिंपरी-चिंचवडमधली वृद्धांची केअर सेंटर मला बोलावू लागली, तीही गोष्ट हाताबाहेर जायला लागली की.

साहेबांचं सेंटर चिखलीत. ते जन्मभर एका ऑटो कंपनीत प्रॉडक्शनला होते आणि सेंटरही त्यांनी शॉपफ्लोअरसारखंच लावलं होतं. फरशीवर पिवळे पट्टे, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आणि कामांची स्टेशनं केलेली. एकीने सगळ्यांना आंघोळ घालायची, दुसरीने सगळ्यांचे बिछाने बदलायचे. सुनीताकडे लघवीच्या बॅगा. ज्यांना स्वतःहून लघवी होत नाही त्यांना नळी घालतात, तिला कॅथेटर म्हणतात. ती नळी पलंगाला अडकवलेल्या बॅगेत उतरते. बॅग भरली की खालचा कॉक उघडून ती मगात रिकामी करायची.

अण्णा साहेबांचे जुने गुरू. साहेब ट्रेनी होते तेव्हा अण्णा इन्स्पेक्शनला होते, आणि त्यांनी अंगठा वर केल्याशिवाय तयार झालेला एकही पार्ट पुढे जात नसे. लग्न केलं नाही, मागे कुणी नाही. पॅरालिसिसने वाचा गेली तेव्हा साहेबांनीच त्यांना इथे आणलं. ते जेवायचे फक्त सुनीताच्या हातून. घास चांगला लागला की अंगठा वर, मीठ कमी असलं की खाली.

मी गेले तेव्हा अंगठा चादरीवर निपचित पडला होता.

"कालपासून खाईनात बघा," सुनीता म्हणाली. "पेज केली, तरी तोंड उघडलं नाही त्यांनी."

रिपोर्ट पाहिले. तिन्ही आजोबांच्या लघवीत एकच जंतू होता, आणि त्याच्यावर चालणारी, न चालणारी औषधंही सारखीच. तीन पलंगांवर तीन वेगवेगळी इन्फेक्शन झाली असती तर मी नशिबाला बोल लावला असता. एकच जंतू तीन ठिकाणी म्हणजे तो कुणाच्या तरी हातून फिरतोय.

मी कोपऱ्यात उभी राहून सकाळचा राउंड पाहिला. सुनीता प्रत्येकाला नावाने हाक मारायची, चादर सारखी करायची, मग बॅगेचा कॉक उघडायची. लघवी ओतायचा मग मात्र सगळ्यांना मिळून एकच. आणि हातात हातमोजे, पहिल्या पलंगापासून शेवटच्या पलंगापर्यंत तेच.

"हातमोजे कधी बदलतेस गं?"

"शिफ्ट सुटल्यावर, मॅडम."

"मधे?"

"फाटले तर. नाहीतर मधे हात बी बाहेर काढत नाही मी. जेवण भरवायच्या आधी साबणानं धुते की, हातमोज्यासकट."

हे ती अभिमानाने सांगत होती. साहेबांनी लगेच बोर्ड दाखवला. त्यावर तिचा हातमोजे घातलेला हसरा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'सेफ्टीचा आदर्श'.

सुनीता मूळची बीडकडची. आधी चाकणला प्रेस शॉपमध्ये काँट्रॅक्टवर होती. तिथे पत्र्याची धार हात कापते, म्हणून एका शिफ्टला हातमोज्यांची एक जोडी मिळते आणि ती काढायची नसते. काढली की सुपरवायझर ओरडतो. काँट्रॅक्ट सुटलं, ती इथे आली, आणि तोच नियम घेऊन आली. साहेबांना तो नियम ओळखीचा वाटला. दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

मी देव्हाऱ्यातलं कुंकू पाण्यात कालवून पहिल्या पलंगाच्या बॅगेच्या कॉकला लावलं आणि म्हटलं, "आता रोजच्यासारखा राउंड कर." तिने केला. मगाच्या काठावर लाल उठलं. दुसऱ्या कॉकवर लाल. शेवटी अण्णांच्या कॉकवरही पुसटसं लाल बोट दिसलं.

तिने वाकून ते बोट पाहिलं, मग आपले हातमोजे उलटेपालटे करून पाहिले.

"म्हणजे मीच नेलं अण्णांपर्यंत?"

खोटं बोलता आलं असतं. पण मग ती उद्याही तसंच करत राहिली असती. "हो," मी म्हटलं. "पण तुला हे कुणी शिकवलंच नव्हतं."

तिने फक्त 'हो' ऐकलं असावं.

मी साहेबांना सांगितलं, दर पलंगाला नवी जोडी, आधी आणि नंतर हात धुणं, आणि ज्याचा त्याचा मग वेगळा.

"सिस्टर, सायकल टाइम किती वाढेल!" म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे मूळ कारण, रूट कॉज, ऑपरेटरची चूक धरायची का? सुनीताची?"

माझं डोकं फिरलं. "लाइन कुणी लावली साहेब? फोटो कुणी चिकटवला?"

साहेब अण्णांच्या पलंगाकडे पाहून बोर्डापाशी गेले. बोर्डावरचा फोटो त्यांनी स्वतः उतरवला. तो सुनीताच्या देखत उतरवायला नको होता.

अण्णांचं इन्फेक्शन रक्तात गेलं. हॉस्पिटलात हलवलं, भारीतली औषधं झाली. दुसरे दोघे आजोबा सावरले, अण्णा नाही. मी भेटायला गेले तेव्हा सुनीता पलंगापासून लांब स्टुलावर बसली होती. दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले.

"जवळ जा," मी म्हटलं. "हात धुतलेस ना? मग धर त्यांचा हात."

तिने नकारार्थी मान हलवली. अण्णांनी डोळे उघडले, तिला पाहिलं, आणि अंगठा थोडासा वर उचलला. ती रडायला लागली, पण ओढणीतून हात काढला नाही. मला फार वाईट वाटलं. जंतू कसा थांबवायचा हे मला माहीत होतं, हे कसं थांबवायचं ते नाही.

अण्णा त्यानंतर लवकरच गेले. सेंटरमध्ये नवा ताप आला नाही. साहेब आता प्रत्येक पलंगाशी हातमोज्यांचा खोका ठेवतात आणि सायकल टाइमचं नाव काढत नाहीत. माझं काम यशस्वी झालं असं म्हणायला हरकत नाही.

सुनीताने नोकरी सोडली. मी फोन केला तेव्हा ती परत चाकणला, प्रेसवर लागली होती.

"असं का केलंस? इतकी मायेने करायचीस सगळ्यांचं. आणि आता तर तुला नीट कळलंय."

"कळलंय म्हणूनच, मॅडम," ती म्हणाली. "इथं हातमोजा घातला की आपलाच हात जपायचा असतो. चुकलं तर आपलंच बोट जातं."

आता कुठल्याही सेंटरमध्ये गेले की मी पहिलं वाक्य हेच सांगते. कारखान्यातला हातमोजा घालणाऱ्यासाठी असतो, इथला समोरच्यासाठी. बायका माना डोलावतात, आणि मी त्यांना पुन्हा कॉकला कुंकू लावून दाखवते. फक्त राउंड संपल्यावर ते लाल कुठवर पोचलं, हे मी आता कुणा एकीला एकटीला बघू देत नाही.