बुकात नसलेली तीन मेडलं

“काढ ते बिल्ले.”

अध्यक्ष माइकवर बोलले. सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं. सव्वीस जानेवारी होती. झेंडा नुकताच वर गेला होता, पोरांच्या रांगा अजून मोडल्या नव्हत्या. आमचे हे स्टेजवर शेवटच्या खुर्चीत बसले होते. वय पंचाहत्तर. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर तीन मेडलं. अध्यक्ष म्हणजे शाळेच्या संस्थेचे मालक, ह्यांच्या लेकाच्या वयाचे. पण आमच्या वस्तीतल्या माणसाला ते अरेतुरेच करतात. त्यांचे वडील करायचे, आजोबा करायचे, तसंच हे करतात.

“तुझ्या बुकाची झेरॉक्स हाय माझ्याकडं. पदकाच्या रकान्यात निरंक लिवलंय. मग ही कुटल्या जत्रंत घेतलीस रं?”

लोक हसले. मास्तर हसले. मास्तरांकडं बघून पोरं हसली.

हे उभे राहिले. पाय जुळवून, ताठ. “सरकारनं दिल्यात साहेब,” एवढंच म्हणाले.

“सरकारनं दिली तर सरकारच्या बुकात का न्हाईत? काढ. झेंड्याचा अपमान हाय ह्यो.”

ह्यांचे हात आता कापतात. पिन काही निघेना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. सगळं गाव थांबून बघतंय. मी खाली सतरंजीवर बायांत बसले होते. उठले. स्टेजवर चढले. आणि माझ्या हातानं पिन काढली.

मला वाटलं, लवकर संपू दे. बास. एवढाच विचार डोक्यात होता. अपमान अध्यक्षांनी केला हे खरं, पण मेडलं निघाली माझ्या हातानं. ते मला लपवायचं नाही.

वर ठरलेला सत्काराचा शाल-नारळ दिलाच. म्हणजे बघा.

आता हे सगळं निघालं कशावरनं ते सांगते. आमचं गाव वळसंगच्या पुढं. शाळेच्या दारात एक फलक लावायचं ठरलं होतं, गावातल्या सैनिकांची नावं आणि त्यांना मिळालेली पदकं. म्हणून सगळ्यांच्या डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्स मागवल्या. भरतीपासनं पलटणीत प्रत्येकाचं एक बुक असतं आणि सुटताना हातात देतात ना, ते. कधी भरती झाला, कुठं होता, काय मिळालं, सगळं त्यात असतं. पहिलं नाव अध्यक्षांच्या चुलत्यांचं. ते सैन्यात गोदाम सांभाळायचे. त्यांच्या बुकात सगळं नीट भरलेलं. आणि आमच्या ह्यांनी एकाहत्तरची लढाई केली, मांडीत छर्रा घेतला, तो अजून आत आहे, थंडीत ठणकतो. पण बुक कोरं.

का कोरं? तर जखमी झाले, दवाखान्यात गेले, दवाखान्यातनं दुसऱ्या पलटणीत. मेडलं मागनं आली. मोठ्या साहेबानं ग्राउंडावर सगळ्यांपुढं छातीवर लावली. पण बुक राहिलं जुन्या पलटणीच्या पेटीत, कुणी काढून लिहिलं नाही.

“तुमी का न्हाई हो सांगितलं लिवायला?” मी विचारलं.

“साहेबाला कोण इचारतंय, बुकात लिवलं का म्हनून? लावलं छातीवर, आजून काय पायजे हुतं?”

त्या सव्वीस जानेवारीनंतर गावात ह्यांना नवीन नाव पडलं. जत्राफौजी. हॉटेलात चहाला बसले की कुणीतरी म्हणायचं, “या जत्राफौजी, यंदा कुठलं मेडल घेताय?” हसत हसत म्हणायचे. चेष्टाच की, असं म्हणायचे. ह्यांनी चहाला जायचं सोडलं. मग विहारात यायचं सोडलं. दिवसभर घरात, भिंतीकडं तोंड करून. ज्या माणसानं गोळीपुढं मान खाली घातली नाही त्यानं.

मी म्हटलं, चला, बुक दुरुस्त करून आणू. एका ओळीचं तर काम.

सोलापुरात माजी सैनिकांची कामं बघणारं एक ऑफिस आहे. एसटीनं गेलो. तिथला क्लार्क पोरगेलासा होता, बोलायला चांगला. मेडलं हातात घेतली, भिंग काढलं, एकेक फिरवून बघितलं. मग म्हणाला, “मावशी, मेडलाच्या कडंला नंबर असतो बगा. माणसाचा नंबर आन नाव, कोरल्यालं. त्यावरनं कळतं कुणाचं हाय ते. हितं तर कायच न्हाय. लई गुळगुळीत हाय की.”

मी मेडलं त्याच्या हातातनं परत घेतली.

मला माहीत होतं ते कुठं गेलं.

लग्नानंतर हे मेडलं घेऊन पहिल्यांदा घरी आले, तेव्हापासनं ती मी घासत आले. सव्वीस जानेवारीच्या आधी, पंधरा ऑगस्टच्या आधी, जयंतीच्या आधी. आधी चिंच लावायची, मग राख, मग विटकरीचा भुगा आणि काथ्या. तांब्या घासतात तसं. मला लई हौस. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, तुझ्या मालकाची मेडलं आरशावानी दिसत्यात. कडेला बारीक काळं काळं काहीतरी दिसायचं. मला वाटायचं मळ धरलाय. त्या मळावर मी जास्त जोर लावायची.

तो मळ नव्हता. ते ह्यांचं नाव होतं.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. आमच्या आईबापाला कुणी शाळेच्या पायरीवर उभं केलं नाही, आणि माझी शाळा विड्यांच्या सुपात गेली. सुमन, आमची लेक, शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवरनं मी अक्षरं शिकले. तंबाखू बांधून यायची त्या पेपरच्या कागदावरनं शब्द लावले. विड्या वळता वळता. पण मला वाचता यायला लागलं तोवर मेडलावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. ज्यांनी आम्हाला अक्षर शिकू दिलं नाही त्यांची पोरं आज माइकवर पुरावा मागतात. आणि पुरावा कुठं आहे? माझ्या काथ्यात गेला, मोरीतनं वाहून गेला.

एसटीत मी ह्यांना विचारलं, “तुमाला ठावं हुतं तितं नाव हाय म्हनून?”

“हुतं.”

“मग बोलला का न्हाई?”

खिडकीतनं बाहेर बघत म्हणाले, “तू येवड्या हौसेनं घासायचीस.”

मग सुरू झालं कागदाचं. अर्ज गेला रेकॉर्डला, म्हणजे जिथं सगळ्या जवानांचे कागद ठेवतात तिथं. उत्तर आलं, मेडल दिल्याचा पलटणीचा हुकूम दाखवा. पलटणीला लिहिलं. त्यांनी कळवलं, जुने हुकूम रेकॉर्डला गेले. पुन्हा रेकॉर्डला लिहिलं. त्यांनी कळवलं, एवढे जुने हुकूम मुदत संपली म्हणून नष्ट केले. तरी मेडलाच्या कडेवरच्या नंबराचा आणि नावाचा फोटो पाठवावा. म्हणजे फिरून फिरून माझ्याच हातापाशी आलं. खोलीला एकच दार, आणि ते मीच लावून घेतलेलं. तसं वाटायचं. भाकरी थापताना हातांकडं बघायची आणि नको वाटायचं.

पावसाळा संपता संपता ऑफिसातनं बोलावणं आलं. आम्हाला वाटलं, झालं काम.

आत मोठे साहेब होते. त्यांनी बसा म्हटलं नाही. पुढं एक टाइप केलेला कागद सरकवला. अध्यक्षांनी तक्रार दिली होती, की हा माणूस खोटी पदकं लावून फिरतो.

“हे बघा,” साहेब म्हणाले, “हक्क नसताना पदक लावणं गुन्हा आहे. पण वय बघून मिटवून टाकू. पदकं चुकून जवळ आली, आमचा दावा नाही, एवढं लिहिलंय. सही करा, पदकं इथं ठेवा आणि घरी जा. कुणी त्रास देणार नाही.”

ह्यांनी मला विचारलं नाही. टेबलावरचा पेन घेतला. “देतो साहेब,” म्हणाले. “दमलो आता.”

मी कागदावर पंजा ठेवला.

“आगं, सोड.”

“न्हाई सोडत.”

“बाई,” साहेब म्हणाले, “तुम्हाला यातलं काय कळतं?”

“वाचाया येतं मला. ह्यात लिवलंय की माझा नवरा खोटा हाय. ह्याच्यावर सही व्हायची न्हाई. आन मेडलंबी ठेवायची न्हाईत. कोरा कागद द्या.”

साहेब क्लार्ककडं बघायला लागले. क्लार्क माझ्याकडं. मग त्यानं कागद दिला.

खुर्ची कुणी दिली नव्हती, मीच ओढली आणि बसले. माझं अक्षर मोठं आहे, हळू लिहिते. लिहिलं: मेडलावरचं नाव मी घासून काढलं. मला वाचता येत नव्हतं म्हणून काढलं. माझ्या नवऱ्यानं खोटं केलेलं नाही. मांडीतल्या छऱ्याचा फोटो काढा, दवाखान्याचे कागद शोधा, बुक दुरुस्त करा.

क्लार्क वाकून वाचत होता. हळूच म्हणाला, “मावशी, घासून काढलं असं लिवू नका. मूळची हरवली, ही नवी करून घेतली म्हना. न्हाईतर केस मरतीया तुमची.”

“मरू दे. खोटं लिवून जगवायची न्हाई मला. आदीच खोटं म्हनत्यात आमाला.”

खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण. “आता शिक्का मारा,” म्हटलं. “मिळाल्याचा. दोन कागदांवर. एक माझ्याकडं ऱ्हाईल.”

साहेब म्हणाले, “हा अर्ज मी घेतला नाही तर?”

“तर घेत न्हाई असं लिवून द्या. तुमच्या सहीनं.”

साहेबांनी अर्ज परत एकदा वाचला. मग साहेबांनी मान हलवली आणि क्लार्कनं दोन शिक्के मारले. एवढंच झालं. बाकी काही झालं नाही. कुणी कुणाची माफी मागितली नाही. बुक अजून कोरंच आहे. फलक लागला, त्यावर ह्यांच्या नावापुढं मोकळी जागा आहे, आणि अध्यक्ष अजून अरेतुरेच करतात. हे अजून भिंतीकडं तोंड करून निजतात. मी त्यांना समजावत नाही. समजावण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

परवा ऑफिसातनं त्या क्लार्कचा फोन आला. “मावशी, ते बुकाचं व्हनार न्हाई असं समजा.”

मी म्हटलं, समजनार न्हाई.

आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांना तोंडीच हाकललं. विहिरीवरनं तोंडी, शाळेतनं तोंडी, देवळाच्या दारातनं तोंडी. कुणी हाकललं त्याचा कुठं कागद नाही, म्हणून आज सगळे म्हणतात, असं काही झालंच नव्हतं. आता ते चालणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी एक अर्ज लिहिते, वळसंगला जाऊन रजिस्टरनं टाकते. हे राहिले नाहीत तरी टाकीन. मी राहिले नाही तर सुमन टाकेल, तिला सांगून ठेवलंय. द्यायचं असेल तर बुकात लिहून द्या. नाही म्हणायचं असेल तर तेही लिहूनच म्हणा. कागदावर म्हणा, कारण लिहून म्हणा, आणि खाली तुमचं पूर्ण नाव घाला. मला वाचता येतं.