कदेलांची गाडी

"देवाक इचारल्याशिवाय तिकीट काढू नकात," बायको फोनवर म्हणाली, आणि मी भडकलो.

भडकणं हा माझा जुना आजार. जन्मभर डिचोली-पणजी मार्गावर बस चालवली. त्या रस्त्यावर भडकायला कारण लागत नाही. त्या दिवशी मात्र कारण होतं. बायको डोंबिवलीला मुलीकडे होती. पोटातला कॅन्सर पाठीच्या कण्यापर्यंत गेला होता. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, आता औषध राहिलेलं नाही, गावी न्यायचं तर लवकर न्या. तिला गोव्यात, लाटंबार्शाला आपल्या घरी यायचं होतं. दुसरं काहीच मागत नव्हती. घर उघडून, झाडून-सारवून ठेवायला मी पुढे आलो होतो, आणि आता परत जाऊन तिला आणायचं होतं. प्रश्न एवढाच होता, आणायचं कसं?

रुग्णवाहिकेचं नाव मीच काढू दिलं नाही. तो महामार्ग मला माहीत आहे. चांगल्या माणसाचं कंबरडं मोडतो, तिची काय कथा! राहिली रेल्वे. रात्रीची जुनी गाडी पेडण्याला थांबते, आडवं पडून येता येतं, पण क्रॉसिंगसाठी कुठे तासभर रखडेल त्याचा नेम नाही. आणि दुसरी ती नवी विजेची. पहाटे सुटते, दुपारच्या जेवणाला माणूस गोव्यात. तशी आता रात्रीची गाडीही विजेवरच चालते म्हणा, पण तिचे डबे जुने, पुढे इंजिन. नवीला इंजिन असं नाहीच, मोटारी डब्यांच्या पोटात. ती पेडण्याला थांबत नाही, थिवीला उतरायचं. आणि आत सगळी कदेलं. कदेल म्हणजे खुर्ची. पोर्तुगीज गेले, कदेलं राहिली. एवढ्या लांबची गाडी, आणि तिच्यात पाठ टेकायला एक फळी नाही!

"अगो, तुला बसवत नाही धड," मी म्हटलं, "रात्रीच्या गाडीनं निजून ये."

"आणि वाटेत काय झाला तर? माका घर बगूक व्हया. बेगीन पोचवील ती गाडी बरी. पण माझा नको, तुमचाय नको. देवाक इचारा."

ती एकदा देवावर गेली की पुढे बोलायची सोय नसे. आमचं लग्न, मुलीचं डोंबिवलीचं स्थळ, न्हाणीघर कुठल्या बाजूला बांधायचं, सगळं तिनं प्रसाद, म्हणजे देवाचा कौल, घेऊनच केलेलं. गेलो देवळात. गुरव माझ्याच वयाचा, शाळेत एका बाकावर बसलेलो आम्ही. त्यानं मूर्तीच्या अंगावर डावी-उजवीकडे पाण्यानं पाकळ्या लावल्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मग मला हळूच म्हणाला, "मेल्या, देवाक नीट सांगूक व्हया. गाडयेचो थांबो खंय?" मी सांगितलं. त्यानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, तुज्या लेकरार संकट पडला हा. तेका विजेच्या गाडयेन हाडायचा, तर उजवो दी. रातच्या गाडयेन, तर डावो दी."

आम्ही वाट बघत बसलो. समईची वात चरचरत होती. मनातल्या मनात मी डाव्या बाजूची आळवणी करत होतो, हे खरं. उजवीकडची पाकळी पडली.

"उजवो दिलो," गुरव म्हणाला. मी म्हटलं, "देव कधी बसलाय रे तसल्या गाडीत?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं. बायकोला फोन केला तर ती लहान मुलीसारखी हसली. फार दिवसांनी हसली.

मुलीला ते अजिबात पटलं नाही. "बाबा, आईला निजवून न्या. माझं ऐका." पण आई हटून बसली. मुलीला त्याच दिवशी कामावर जाणं भाग होतं, म्हणून असं ठरलं, की आम्ही पहाटेच्या गाडीनं निघायचं आणि तिनं त्याच रात्री जुन्या गाडीनं मागून यायचं. मी डोंबिवलीला परतलो. स्टेशनवर डब्यात चढून मुलीनं आईच्या पाठीमागे दोन उशा लावल्या, पायावर गोधडी घातली. दारं आपोआप मिटतात त्या गाडीची. मुलगी फलाटावरून काहीतरी सांगत होती. जनेल, म्हणजे खिडकी, उघडत नाही, काचेतून नुसते ओठ दिसले.

गाडी चालू लागली ती कळलीच नाही. खोटं कशाला बोलू, ड्रायव्हर म्हणून मी थक्क झालो. धक्का नाही, हिसका नाही, ब्रेक लावला तरी पेल्यातलं पाणी हलत नाही. असं वाहन हाती मिळालं असतं तर प्रवाशांनी मला ओवाळलं असतं. बायकोही खूश. "बगा, देव चुकता काय?" रोह्यापर्यंत ती अशीच बोलत होती. चहा प्यायली, अर्धं बिस्कीट खाल्लं. समोरच्या पडद्यावर गाडीचा वेग दिसत होता तो मला दाखवत होती, "तुमच्या बशीचो इतको कधी झालो?"

चिपळूणच्या पुढे ती गप्प झाली. मग म्हणाली, "माका जरा आडवी पडाक मेळात?"

कुठे पडणार? मी कदेल मागे ढकललं, ते चार बोटं सरकलं आणि अडलं. शेजारचा एक तरुण काही न विचारता उठला, आपली जागा देऊन दारापाशी जाऊन उभा राहिला. देव त्याचं भलं करो. तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाय दुमडून वर घेतले, पण कदेलांचे मधले हात कमरेत टोचत होते. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "बसवा माका." बसवलं. मग परत, "निजवा." असं किती वेळा झालं, मोजलं नाही. शेवटी मी गोधडी खाली, दोन रांगांमधल्या वाटेवर पसरायला घेतली. गाडीचा गणवेशातला माणूस आला, "काका, इथे नाही चालत, लोक जातात-येतात." मी त्याच्यावर ओरडलो. सगळा डबा बघायला लागला. त्यानं बिचाऱ्यानं खाली मान घातली. त्याच्या हातात तरी काय होतं? बायको माझा सदरा ओढत म्हणाली, "नको हो. बसतंय मी."

आणि ती बसली. दात आवळून बसली. बोगद्यामागून बोगदे येत होते, काचेत तिचा चेहरा दिसे आणि उजेड आला की पुसला जाई. एवढी हुशार माणसं ही गाडी बनवताना बसली असतील. त्यांतल्या एकाच्याही घरात कोणी आजारी नव्हतं काय? मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

"पेडणा इला काय?" तिनं विचारलं. पेडणे तिचं माहेर.

"गेलं," मी म्हटलं.

"थांबाक नाय ती?" माहीत होतं तिला, तरी विचारलं. मग काचेवर हाताचा पंजा टेकवून तशीच मागे बघत राहिली, थिवी येईपर्यंत.

थिवीहून भाड्याच्या गाडीनं घरी आलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. काजूचा हंगाम, बोंडांचा वास गावभर सुटलेला. मी आत खाट घालून ठेवली होती, तिच्यावर मऊ गादी. म्हटलं, "चल, नीज आता. वाटभर निजायचं, निजायचं करत होतीस."

"आता कित्याक निजू? घराक इलंय मां मी! बसा हयसर."

मी पडवीतल्या बाकड्यावर तिला टेकवून बसवलं आणि शेजारी बसलो. सगळी संध्याकाळ ती तिथून हलली नाही. दुखत होतं, कळत होतं मला, पण तिचं तोंड उजळलं होतं. शेजारणीकडे आपली कोयती आहे, ती परत आणा म्हणाली. तुळशीत गवत वाढू दिल्याबद्दल मला चांगलं फैलावर घेतलं. पेज मागितली आणि चक्क वाटीभर प्यायली. रात्री मुलीचा गाडीत बसल्याचा फोन आला तेव्हा तिला म्हणाली, "निजान ये गो बाय. सकाळी भेटुया." फोन ठेवल्यावर माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "बरा वाटला." मग मी तिला आत नेऊन निजवलं.

सकाळी पोदेर, आमचा पाववाला, पाव घेऊन अंगणात आला, सायकलीचा भोंपू वाजवला. दोन पाव घेऊन मी आत गेलो आणि तिला हाक मारली. परत मारली. अंग अजून कोमट होतं.

मुलगी पोचली तेव्हा माणसं जमली होती. क्रॉसिंगला गाडी फार रखडली, म्हणाली. आईला मिठी मारून तिनं जो हंबरडा फोडला तो अजून कानात आहे. जरा शांत झाल्यावर मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "बाय, देवानं बरोबर सांगितलं होतं गो. तुझ्या गाडीनं आणली असती तर वाटेतच गेली असती ती."

तिनं माझा हात बाजूला केला. "वाटेत गेली असती कशावरून? बसवून आणलीत, बाबा. त्या खुर्चीनं मारलं तिला."

असेलही तसं. कोणाला माहीत? मुलगी येते-जाते, माझं सगळं करते, पण ते बोलणं तिनं मागे घेतलेलं नाही, आणि मीही तिला उत्तर दिलेलं नाही. देऊ तरी काय? तिच्या आईची शेवटची संध्याकाळ, शेवटची रात्र मला मिळाली, आणि मुलगी त्या रात्री गाडीत निजून येत होती.